कोल्हापुरात समाजकार्य आणि न्यायसेवेत यायचंय? सुरुवात अशी करा

निकाल लागले की ओळखीतल्या मुलामुलींचे फोन सुरू होतात. "ताई, मला लोकांसाठी काम करायचंय, कुठला कोर्स करू?" मी समाजकार्याचं पदव्युत्तर शिक्षण घेतलं, विधी स्वयंसेवक म्हणून काम केलं आणि आता महिलांच्या समुपदेशनात आहे. या वाटेवर माहिती तुकड्यातुकड्यांनी मिळते. एक खातं दुसऱ्या खात्याकडे पाठवतं, जाहिरात कुठं लागते ते कळत नाही, आणि तोवर कुणाच्या तरी सांगण्यावरून फी भरून झालेली असते. ही धावपळ तुमची वाचावी म्हणून सगळं एका जागी लिहिते आहे.

माझं सांगणं एवढंच आहे की आधी काम जवळून बघा, मग पदवी निवडा. उलट गेलात तर दोन वर्षांनी कळतं की आपल्याला मुलांबरोबर काम करायचं होतं आणि आपण शिकलो कारखान्यातलं कामगार कल्याण.

१. आधी कुठलं काम करायचं ते बघा

'समाजसेवा' म्हटलं की सगळं एकच वाटतं, पण आत आल्यावर खाती वेगळी, साहेब वेगळे आणि भरतीचे नियमही वेगळे.

न्यायालयाच्या बाजूचं काम जिल्हा विधी सेवा प्राधिकरणातून चालतं. ज्यांना वकील परवडत नाही त्यांना मोफत वकील मिळवून देणं, लोकअदालती, गावोगावची कायदेविषयक शिबिरं असं हे काम. त्याला आधार आहे १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याचा. फौजदारी खटल्यात आरोपीची बाजू मांडणारं लोक अभिरक्षक कार्यालयही याच व्यवस्थेचा भाग आहे.

महिला आणि मुलांचं काम महिला व बाल विकास विभागाकडे आहे. जिल्हा बाल संरक्षण कक्ष, बाल कल्याण समिती (निराधार मुलांबाबत निर्णय घेणारी), बाल न्याय मंडळ (गुन्ह्यात अडकलेल्या मुलांची प्रकरणं चालवणारं), निरीक्षणगृह, बालगृह, संरक्षण अधिकारी (घरगुती हिंसाचाराच्या तक्रारी बघणारे), सखी वन स्टॉप सेंटर (पीडित महिलांना एकाच जागी मदत देणारं) ही नावं तुमच्या कानावर पडतील. परिविक्षा अधिकारीही याच विभागात असतात. एखाद्या आरोपीला शिक्षेऐवजी देखरेखीखाली सोडायचं का, हे ठरवताना न्यायालय त्यांचा अहवाल मागवतं. ती सोय १९५८ च्या परिविक्षा कायद्यानं केली आहे.

सामाजिक न्याय विभागाचं काम विचारे माळावरच्या सामाजिक न्याय भवनातून चालतं. वसतिगृहं, शिष्यवृत्त्या, अत्याचारग्रस्तांना मदत अशा गोष्टी तिथं येतात. शाहू महाराजांची जयंती, २६ जून, राज्यात सामाजिक न्याय दिन म्हणून साजरी होते. त्या दिवशीच्या कार्यक्रमाला जरूर जा. जिल्ह्यात कोण काय काम करतं ते एकाच ठिकाणी बघायला मिळतं.

याशिवाय सीपीआरसारख्या सरकारी दवाखान्यात समाजसेवा अधीक्षक असतात, कळंब्याच्या मध्यवर्ती कारागृहातल्या बंद्यांसाठी काम असतं, कौटुंबिक न्यायालयांत विवाह समुपदेशक असतात आणि बाकी मोठा पसारा स्वयंसेवी संस्थांचा.

एक गोंधळ आत्ताच दूर करते. जिल्हा न्यायालय आणि विधी सेवा प्राधिकरण कसबा बावड्यातल्या न्यायसंकुलात आहे. सीपीआरसमोरच्या जुन्या न्यायालयाच्या इमारतीत १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच बसतं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांची प्रकरणं तिथं चालतात. नवी माणसं रिक्षावाल्याला नुसतं "कोर्टात सोडा" म्हणतात आणि भलत्याच ठिकाणी उतरतात. मोफत वकिलाच्या अर्जासाठी किंवा स्वयंसेवक होण्यासाठी बावडाच गाठायचा.

२. विधी स्वयंसेवक व्हा

सुरुवात करायला यापेक्षा चांगली जागा मला माहीत नाही. यालाच पॅरा लीगल व्हॉलंटिअर किंवा नुसतं पीएलव्ही म्हणतात. आता अधिकार मित्र असंही नाव रूढ होत आहे. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाची ही योजना २००९ ची. यासाठी कायद्याची पदवी लागत नाही. लिहितावाचता येणं आवश्यक, दहावी झालेली असेल तर उत्तम. शिक्षक, निवृत्त कर्मचारी, अंगणवाडी सेविका, बचतगटातल्या बायका, समाजकार्याचे आणि कायद्याचे विद्यार्थी असे सगळे यात येऊ शकतात. कायद्याच्या विद्यार्थ्याला वकिलीची सनद मिळेपर्यंतच हे काम करता येतं. राजकीय पक्षात सक्रिय असाल किंवा तुमच्यावर गुन्हा दाखल असेल तर निवड होत नाही.

प्राधिकरण अर्ज मागवतं तेव्हा सूचना न्यायालयाच्या फलकावर आणि जिल्हा न्यायालयाच्या संकेतस्थळावर येते. प्रत्येक तालुक्याच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समिती असते, त्यामुळे चंदगड किंवा शाहूवाडीच्या मुलांनी आधी आपल्या तालुक्यातच चौकशी करावी. अर्जासोबत साधारणपणे ही कागदपत्रं लागतात:

- आधार कार्ड आणि रहिवासाचा पुरावा
- दहावीपासूनच्या गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला
- पासपोर्ट आकाराचे फोटो
- पोलीस पडताळणीचा चारित्र्य दाखला (याला वेळ लागतो, म्हणून पहिला अर्ज याचाच करा)
- आधी कुठल्या संस्थेत काम केलं असेल तर त्यांचं पत्र

झेरॉक्सचे दोन संच स्वतः सही करून तयार ठेवा आणि मूळ कागद कुणाकडेही ठेवायला देऊ नका.

निवड झाली की प्रशिक्षण होतं आणि ओळखपत्र मिळतं. कामाच्या दिवसांपुरतं मानधन मिळतं, पगार नसतो. घरी हे आधीच नीट सांगा, कारण "सरकारी नोकरी लागली" अशी बातमी भावकीत पसरली की पुढं तुम्हालाच त्रास होतो. ज्यांना मदत करता त्यांच्याकडून एक रुपयाही घ्यायचा नसतो. कुणी आनंदानं पेढ्यांबरोबर पाकीट पुढं केलं तरी पाकीट परत करायचं.

प्राधिकरणाच्या कार्यालयात बसल्यावर पहिल्या काही आठवड्यांतच तुमची समज बदलते. प्लास्टिकच्या पिशवीत पंधरा वर्षांचे कागद घेऊन एखादे आजोबा येतात. त्यांना फक्त तारीख कुठली आहे ते कळायला हवं असतं. कागदावर प्रकरणाचा सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक शोधायचा, ई-कोर्ट्सच्या ॲपवर टाकायचा आणि पुढची तारीख मोठ्या अक्षरात कागदावर लिहून द्यायची. हे शिकायला दहा मिनिटं लागतात, आणि आजोबांची बावड्याची पुढची फेरी वाचते.

मोफत वकील कुणाला मिळतो ते पाठच करा: स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीची माणसं, अपंग, कामगार, तुरुंगातली किंवा कोठडीतली माणसं, मानवी व्यापाराचे बळी, आपत्तीत सापडलेले आणि ठरावीक उत्पन्नाच्या आतले सगळे. स्त्री असेल तर तिचं उत्पन्न विचारायचं नसतं. पुरानं उद्ध्वस्त झालेला माणूसही या यादीत आहे, आणि २०१९ चा पूर पाहिलेल्या शिरोळ-करवीरच्या गावांत हे अनेकांना ठाऊक नव्हतं. फोनवरून विचारायचं असेल तर १५१०० ही मदतवाहिनी आहे.

३. आता पदवी निवडा

काही महिने काम बघितल्यावर तुमचं मन कुठं रमतं ते कळतं. मग पुढचे रस्ते असे.

समाजकार्य: बी.एस.डब्ल्यू. (पदवी) किंवा एम.एस.डब्ल्यू. (पदव्युत्तर). एम.एस.डब्ल्यू. कुठल्याही शाखेच्या पदवीनंतर करता येतं. कोल्हापुरात विद्यापीठ रस्त्यावरच्या सायबर या संस्थेत समाजकार्याचा विभाग आहे. परिविक्षा अधिकारी, समुपदेशक, समाजसेवा अधीक्षक, बाल संरक्षण कक्षातली पदं यांच्या जाहिरातीत ही पदवी सतत दिसते.

प्रवेश घेताना तीन गोष्टी विचारा. विशेषीकरण कुठलं मिळणार? मनुष्यबळ व्यवस्थापनाकडे ओढा जास्त असतो, कारण गोकुळ शिरगाव आणि शिरोलीच्या एमआयडीसीत नोकरी लवकर लागते. ते काम वाईट नाही, पण तुम्हाला न्यायाच्या बाजूला यायचं असेल तर कुटुंब व बालकल्याण, वैद्यकीय व मनोविकार समाजकार्य किंवा समुदाय विकास घ्या. दुसरं, क्षेत्रकार्य कुठं देणार? आठवड्यातले दोन दिवस एखाद्या संस्थेत प्रत्यक्ष काम, ही या अभ्यासक्रमाची खरी शाळा आहे. न्यायालय, बालगृह, पोलीस ठाण्यातला समुपदेशन कक्ष किंवा दवाखाना स्वतःहून मागून घ्या. तिसरं, क्षेत्रकार्याच्या नोंदी कोण तपासतं? शिक्षक दर आठवड्याला बसून बोलत असतील तर ते कॉलेज चांगलं समजा.

कायदा: पदवीनंतर तीन वर्षांचा किंवा बारावीनंतर पाच वर्षांचा. दोन्हीला राज्याची सीईटी द्यावी लागते. कोल्हापुरात शहाजी लॉ कॉलेज जुनं आहे. एम.एस.डब्ल्यू. झाल्यावर कायदा करणारी माणसं या कामात फार उपयोगी पडतात, कारण त्यांना माणूसही वाचता येतो आणि कलमही.

मुंबईची टाटा सामाजिक विज्ञान संस्था: गुन्हेगारी आणि न्याय या विषयाचा खोल अभ्यास करायचा तर हिच्याकडे बघा. बंद्यांसोबत काम करणारा 'प्रयास' हा प्रकल्प याच संस्थेनं १९९० मध्ये सुरू केला. पोलीस यंत्रणेतला महिला व मुलांसाठीचा विशेष कक्षही याच संस्थेनं १९८४ मध्ये मुंबईत उभा केला आणि नंतर तो राज्यभर पसरला. पदव्युत्तर प्रवेश सीयूईटी-पीजी या देशपातळीवरच्या परीक्षेतून होतात.

नोकरी करत शिकायचं असेल तर इग्नूचं एम.एस.डब्ल्यू. आहे. त्यातही क्षेत्रकार्य चुकत नाही, त्यासाठी सुट्टी मिळेल का ते आधी बघा.

इथला सगळ्यात मोठा सापळा: "सहा महिन्यांत समुपदेशक", "घरबसल्या एम.एस.डब्ल्यू." अशा जाहिराती. फी भरायच्या आधी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या यादीत तो अभ्यासक्रम आणि ते वर्ष, दोन्ही आहे का ते तपासा. संस्था मान्य असते पण अभ्यासक्रम मान्य नसतो, असंही होतं.

४. कायदे किती वाचायचे?

वकिलाएवढे नाहीत. पण काही कायदे मराठीतून नीट वाचून ठेवा: कौटुंबिक हिंसाचाराचा २००५ चा, बाल लैंगिक अत्याचाराविरुद्धचा २०१२ चा पोक्सो, बाल न्याय कायदा २०१५, बालविवाह प्रतिबंध कायदा २००६ आणि अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९.

जुनी गाईडं घेऊन अभ्यास करू नका. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता, फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला. आपल्याकडे सगळ्यांच्या तोंडी अजून सासरच्या छळाचं ४९८-अ आहे; ते आता नव्या संहितेत कलम ८५ आणि ८६ मध्ये आहे. जुनी प्रकरणं जुन्याच कलमांखाली चालतात, म्हणून दोन्ही क्रमांक शेजारी लिहिलेला तक्ता वहीत चिकटवून ठेवा.

एक कलम मात्र लगेच शिका, नागरिक सुरक्षा संहितेचं ४७९. खटला चालू असताना बंद्यानं त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेच्या निम्मा काळ आत काढला, आणि पहिलाच गुन्हा असेल तर एक तृतीयांश, तर त्याला सोडण्याचा विचार न्यायालयाला करावा लागतो. फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना ते लागू नाही, आणि एकापेक्षा जास्त प्रकरणं असतील तरीही नाही. तुरुंगात काम करायचं असेल तर हा हिशोब तुम्हाला करता आलाच पाहिजे. जामीन मंजूर होऊनही जामीनदार मिळत नाही म्हणून आत राहिलेली माणसं असतात, आणि त्यांच्या घरच्यांना शोधून सांगणं हे काम बहुतेक वेळा आपलंच असतं.

५. नोंद लिहायला शिका

यावर मी जास्त वेळ घालवणार आहे, कारण पदवी असूनही हे न येणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. समोरच्या बाईनं सांगितलेलं तुम्ही कागदावर कसं उतरवता, यावर पुढचं सगळं अवलंबून असतं. संरक्षण अधिकारी जो घरगुती घटनेचा अहवाल भरतात, ज्याला सगळे डीआयआर म्हणतात, त्यालाही हीच शिस्त लागते.

"नवरा फार त्रास देतो, मारहाण करतो." ही नोंद न्यायालयात काही कामाची नाही. त्याच बाईला बसवून, पाणी देऊन, घाई न करता विचारलं की अशी नोंद होते: "सोमवारी रात्री जेवणं झाल्यावर नवऱ्यानं चुलीजवळचं लाकूड उचलून डाव्या मनगटावर मारलं. आवाज ऐकून शेजारच्या काकी आल्या. सकाळी गावच्या आरोग्य केंद्रात गेले, तिथली चिठ्ठी पिशवीत आहे." यात दिवस आहे, जागा आहे, कशानं मारलं ते आहे, साक्षीदार आहे आणि कागद आहे. वकिलाला आणखी काय पाहिजे?

असं लिहून घेण्यासाठी काही सवयी लावून घ्या. सोबत आलेली सासू, दीर, अगदी आईसुद्धा पहिली काही मिनिटं बाहेर बसली पाहिजे. बाईचे शब्द तिचेच ठेवा. ती "हाणलं" म्हणाली तर "शारीरिक छळ केला" असं लिहू नका. तारीख आठवत नसेल तर बाजाराचा दिवस, जोतिबाची यात्रा, गळीत हंगाम, पोराची परीक्षा असं विचारत जा, तारीख आपोआप सापडते. "का नाही आधीच आलीस?" हा प्रश्न कधीच विचारू नका. शेवटी सगळं वाचून दाखवा, तिनं दुरुस्ती सांगितली की ती करा आणि मगच सही किंवा अंगठा घ्या.

आणि एका झेरॉक्ससाठी कुणाला परत पाठवू नका. आजऱ्याहून आलेल्या बाईचा त्या दिवसाचा रोज बुडालेला असतो, एसटीचं भाडं गेलेलं असतं. दुसऱ्या खेपेला ती येईलच असं नाही.

६. या गोष्टी मुळीच करू नका

मुलाचं किंवा पीडितेचं नाव, फोटो, गाव, शाळा यातलं काहीही व्हॉट्सॲपवर जाऊ देऊ नका. बाल न्याय कायद्याचं कलम ७४, पोक्सोचं कलम २३ आणि न्याय संहितेचं कलम ७२ यांनुसार ओळख उघड करणं गुन्हा आहे. संस्थेच्या अहवालासाठी "एक फोटो घ्या ना" म्हणणारे भेटतील, त्यांना स्पष्ट नाही म्हणा.

पोक्सोच्या प्रकरणात तडजोड घडवून आणू नका. "पोरीच्या लग्नाचा प्रश्न आहे, मिटवून टाका" असं गावातली मोठी माणसं सांगतात, कधी मुलीचे आईवडीलही. पण असा गुन्हा कळल्यावर पोलिसांना कळवणं कलम १९ नं प्रत्येकावर बंधनकारक केलं आहे, तुमच्यावरही. घरच्यांना समजावून सांगा की पीडितांसाठीच्या सरकारी मनोधैर्य योजनेतून मदत मिळू शकते आणि तिचा अर्ज विधी सेवा प्राधिकरणाकडेच करायचा असतो. अडचणीत सापडलेल्या मुलासाठी १०९८, महिलेसाठी १८१ हे क्रमांक तोंडपाठ ठेवा.

ओळखपत्र विकत घेऊ नका. 'मानवाधिकार', 'गुन्हे निवारण' अशी नावं आणि सरकारी शिक्क्यासारखं चिन्ह असलेली कार्डं पैसे घेऊन वाटणाऱ्या संघटना आहेत. त्या कार्डानं कुठलाही अधिकार मिळत नाही, आणि ते दाखवून पोलीस ठाण्यात गेलात तर तुम्हीच अडचणीत याल.

निकालाचं आश्वासन देऊ नका. "होईल तुमचं काम" हे वाक्य आपण धीर देण्यासाठी बोलतो आणि समोरचा माणूस ते निकाल म्हणून घरी घेऊन जातो.

स्वतःचं मन सांभाळा. मुलांच्या प्रकरणांनी रात्री झोप लागेनाशी होते, ही काही कमजोरी नाही. आठवड्यातून एकदा ज्येष्ठ सहकाऱ्याशी, नावं न घेता, बोलायची वेळ ठरवूनच ठेवा.

७. नोकरी शोधताना

कायम पदं थोडी आणि भरती उशिरा, हे खरं आहे. महिला व बाल विकास आयुक्तालय आणि समाजकल्याण आयुक्तालय, दोन्ही पुण्यात आहेत; त्यांची संकेतस्थळं महिन्यातून दोनदा उघडून बघा. जिल्हा बाल संरक्षण कक्ष, सखी सेंटर अशा ठिकाणची बरीच पदं कंत्राटी असतात. अशा ठिकाणी रुजू होण्याआधी करार किती महिन्यांचा, मानधन कुणाकडून येणार आणि प्रवासभत्ता मिळणार का, हे लेखी घ्या. मानधन थकतं. दोन-तीन महिन्यांची सोय हाताशी असल्याशिवाय शहरात खोली घेऊ नका.

बाल न्याय मंडळात दंडाधिकाऱ्यांसोबत दोन समाजकार्यकर्ते सदस्य असतात आणि बाल कल्याण समितीत अध्यक्षांसह पाच जण. त्यासाठी मुलांच्या क्षेत्रातला किमान सात वर्षांचा अनुभव किंवा बालमानसशास्त्र, समाजशास्त्र, कायदा अशा विषयांची पदवी घेऊन चालू असलेला व्यवसाय पाहिला जातो. ते पुढचं आहे, पण आजपासून प्रत्येक संस्थेचं अनुभव प्रमाणपत्र तारखांसह मागून घेत जा. संस्था बंद पडल्यावर ते देणारं कुणी उरत नाही.

फाइल एकच ठेवा: गुणपत्रिका, पदवी, अधिवास, जातीचा दाखला आणि जात वैधता, लागू असेल तर नॉन-क्रीमीलेअर, संगणकाचं एमएस-सीआयटी, अनुभवपत्रं, चारित्र्य दाखला. नॉन-क्रीमीलेअरची मुदत संपलेली आहे हे बऱ्याच जणांना अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी कळतं, म्हणून मुदतीची तारीख फाइलच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा. मराठी टंकलेखन शिका. अहवाल तुम्हालाच टाइप करावे लागतात.

मुलाखतीला जाताना क्षेत्रकार्याची वही सोबत न्या. पाठ केलेल्या व्याख्यांपेक्षा एका प्रकरणात तुम्ही काय ऐकलं, काय लिहिलं आणि कुणाकडे पाठवलं यावर मुलाखत घेणाऱ्यांना जास्त बोलायचं असतं. मात्र त्या वहीतली नावं आणि गावं आदल्या दिवशीच झाकून टाका, कारण वही उघडल्यावर त्यांची नजर आधी तिथंच जाते.